बाजूचा जिना

इंदूरच्या दक्षिणेला आग्रा-मुंबई रस्त्यावर भंवरकुआं नावाचा चौक आहे. भंवर म्हणजे भोवरा आणि कुआं म्हणजे विहीर, हे माळव्यात पिढ्यान्पिढ्या राहिलेल्या मराठी माणसाला समजावून सांगायला नको. विहिरीची आठवण आता नावापुरती उरली आहे. भोवरा मात्र पहाटेपासून मध्यरात्रीपर्यंत फिरत असतो. २०२१ साली या चौकाला तंट्या मामा भिल्ल यांचे नाव देण्यात आले, तरी रिक्षावाला अजून ‘भंवरकुआं, भंवरकुआं’ असेच ओरडतो. इथून एक फाटा खंडव्याकडे जातो आणि मुख्य रस्ता राऊवरून महूकडे. चौकापाशी १८९१ सालचे होळकर महाविद्यालय आहे. खंडवा रस्त्यावर विद्यापीठाचा तक्षशिला परिसर आहे. १९६४ साली इंदूर विद्यापीठ म्हणून निघालेली ही संस्था आज देवी अहिल्या विश्वविद्यालय या नावाने ओळखली जाते. विद्येच्या या दोन मोठ्या वास्तूंच्या सावलीत गेल्या काही दशकांत शिकवणीवर्गांचे एक नगरच उभे राहिले आहे. झाबुआ, अलीराजपूर, बडवानी, खरगोन, एवढेच काय पण रीवा-सागरपासूनची मुले लोकसेवा आयोगाच्या आणि बँकेच्या परीक्षांसाठी इथे येऊन राहतात. शेतकऱ्याची, शिक्षकाची, पाड्यावरच्या मजुराची ही मुले. घरून येणाऱ्या तुटपुंज्या पैशांत खोली, डबा आणि वाचनालयाची फी भागवतात.

ही मुले राहतात कुठे? काही वसतिगृहांत, पण बरीचशी विष्णुपुरी, इंद्रपुरी, प्रोफेसर कॉलनी अशा वसाहतींतल्या खाजगी घरांत. ही घरे पूर्वी एकमजली, पुढे बाग, मागे पेरूचे झाड अशी असत. हळूहळू त्यांच्यावर दुसरा मजला चढला, मग तिसरा. आणि घराच्या बाजूला, कुंपणाची भिंत आणि घराची भिंत यांच्यामधल्या चिंचोळ्या जागेत, एक जिना आला. मालक आणि त्याचे कुटुंब पुढच्या फाटकाने, व्हरांड्यातून, दिवाणखान्याच्या दाराने घरात जाणार. वरच्या खोल्यांतली मुले बाजूच्या बोळातून, लोखंडी जिन्याने, आपापल्या खोलीत जाणार. एकाच छपराखाली दोन प्रकारच्या मिळकतीची माणसे आणि त्यांची दोन दारे, ही व्यवस्था इतकी अंगवळणी पडली आहे की तिच्याकडे कोणी वळून पाहत नाही.

मौज अशी की, हे दुसरे दार उणेपणाचे आहे असे कोणी मानीत नाही. उलट खोली भाड्याने देण्याच्या जाहिरातीत ‘स्वतंत्र प्रवेश’ हे शब्द ठळक असतात आणि त्या दोन शब्दांसाठी मुलगा चार पैसे जास्त मोजायला तयार होतो. कारण उघड आहे. वाचनालयातून रात्री बारा वाजता परतणाऱ्याला घरमालकाची झोप मोडायची नसते, आणि मालकिणीच्या प्रश्नांना उत्तरेही द्यायची नसतात. मालकालाही हेच सोयीचे वाटते. घरातल्या मुलीबाळी, देवपूजा, स्वयंपाकघरातले वास हे सारे आपल्यापाशी, आणि भाडेकरूचा वावर त्याच्यापाशी. शिवाय १९६१ सालच्या मध्य प्रदेश स्थान नियंत्रण अधिनियमाने भाडेकरूला जे संरक्षण दिले, त्याचा धसका जुन्या घरधन्यांच्या मनातून अजून गेलेला नाही. ज्याला घरातून सहज वेगळे ठेवता येते, तोच भाडेकरू बरा, असा हिशेब त्यामागे असतो. तेव्हा निराळे दार दिसले की लगेच अन्याय झाला, असा डांगोरा पिटण्याचे कारण नाही. मुंज्या मुलालासुद्धा आपली वेगळी खोली हवी असते.

परंतु बाजूच्या जिन्याचे दोन प्रकार आहेत आणि ते ओळखणे अवघड नाही. एका घरी मुलगा बाजूच्या जिन्याने येतो-जातो. पण आई-वडील गावाहून आले की त्यांना पुढच्या फाटकातून आत घेतले जाते, व्हरांड्यात बसवून चहा दिला जातो, आणि गणपतीच्या आरतीला वरच्या मुलांना हाक जाते. दुसऱ्या घरी पुढच्या फाटकाला हात लावलेला चालत नाही. गुडघे दुखणाऱ्या आईनेही त्याच उभ्या लोखंडी जिन्याने चढायचे असते. बोळात दिवा नसतो. टपालाची पेटी नसते. पावसाळ्यात पायऱ्यांवरून पाणी वाहते आणि दुचाक्या आडव्या लावलेल्या असतात, त्यामुळे आजारी माणसाला खाली आणायचे झाले तर खुर्चीत बसवून आणता येत नाही. दोन्ही घरांच्या जाहिरातीत शब्द तेच, ‘स्वतंत्र प्रवेश’. पहिल्या घरी मुलाला दोन दारे आहेत आणि तो एक वापरतो. दुसऱ्या घरी त्याला एकच दार आहे, आणि ते त्याने निवडलेले नाही. पुढे मुंबईचे, लंडनचे, न्यूयॉर्कचे जे प्रकार सांगायचे आहेत, त्यांनाही हीच कसोटी लावून पाहावी, अशी वाचकांना विनंती आहे.

ही कसोटी केवळ मानापमानाची नाही. ७ मे २०२२ रोजी पहाटे आपल्याच शहरातल्या स्वर्णबाग कॉलनीतल्या एका इमारतीत तळमजल्यावर उभ्या असलेल्या वाहनांना आग लागली; लावण्यात आली, असे पुढे तपासात निघाले. धूर वर चढला, बाहेर पडायची वाट कोंडली आणि सात माणसे प्राणास मुकली. राहणारे बहुतेक भाडेकरू होते. दाट वस्तीच्या भाड्याच्या घरांत दुसरा जिना असणे आणि तो सर्वांना खुला असणे याचा अर्थ अशा वेळी कळतो. पुढच्या जिन्याला कुलूप आणि मागच्या जिन्यात अडगळ, अशी घरे भंवरकुआंच्या आसपास शोधायला फार हिंडावे लागणार नाही.

आता आपल्याकडची मंडळी म्हणतील की हे सारे नव्या काळाचे चोचले. आपल्या वाड्यांत असले काही नव्हते. रामबाग, नारायणबाग, इमली बाजार, कृष्णपुरा इथल्या जुन्या वाड्यांत ज्यांचे बालपण गेले त्यांना हे म्हणण्याचा थोडासा अधिकार आहे. वाड्याला एक मोठा दरवाजा, त्यात माणूस वाकून जाईल एवढी दिंडी, आत देवडी, मग चौक. मालक वरच्या मजल्यावर आणि चौकाच्या भोवती चार-सहा बिऱ्हाडे: एक दरबारी कारकून, एक शाळामास्तर, एक कोणी पेन्शनर, एखादी एकटी विधवा बाई, आणि जिन्याखालच्या खोलीत वार लावून जेवणारा विद्यार्थी. भाड्यात जमीन-अस्मानाचा फरक. पण सगळे त्याच दिंडीतून वाकून आत येत. मालकालाही वाकावे लागे. नळ एक, तुळस एक, आणि भांडणेही एकाच चौकात होत. आजच्या भाषेत ज्याला संमिश्र उत्पन्नाची वसाहत म्हणतात, तिचा हा घरगुती नमुना होता, असे म्हटल्यास वावगे होणार नाही.

पण हे वर्णन इथेच थांबवले तर ते अर्धेच राहील. वाड्याला परसदारही होते. ते परसदार ज्या बोळात उघडे तिथून टोपलीचे संडास साफ करणारी माणसे येत आणि जात. पुढच्या दिंडीतून त्यांना कधी प्रवेश नव्हता. दिंडीतून आत येणारी सगळी बिऱ्हाडे बहुधा एका-दोन जातींचीच असत, आणि मास्तराची गरिबी मालकाला चालत होती ती त्यामुळेच. पैशाने गरीब असलेल्याला पुढचे दार मोकळे होते, जातीने खालच्या मानलेल्याला नव्हते. होळकर महाविद्यालय ज्या १८९१ साली सुरू झाले त्याच साली १४ एप्रिलला, याच रस्त्यावर पुढे असलेल्या महूच्या छावणीत डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचा जन्म झाला. परसदार आणि दिंडी यांतले अंतर किती असते हे त्यांच्या पिढीला कोणी पुस्तकातून शिकवावे लागले नाही.

राजेरजवाड्यांच्या घरी तर दारांचे हे शास्त्र अधिकच पुढे गेले होते. आपला लालबाग राजवाडा १८८६ पासून १९२१ पर्यंत टप्प्याटप्प्याने बांधला गेला. त्याचे मोठे फाटक लंडनच्या बकिंगहॅम राजवाड्याच्या फाटकावर बेतलेले. परंतु स्वयंपाकघर मात्र खान नदीच्या पलीकडच्या तीरावर, आणि तिथून जेवणाची ताटे राजवाड्यात आणण्यासाठी जमिनीखालून भुयारी वाट. पक्वान्ने वर आली, ती आणणारे मात्र दिसले नाहीत, अशी ही योजना. असो.

इंदूरच्या मागच्या बोळांविषयी एका परक्या माणसाने जे केले ते आपण फार लवकर विसरलो. पॅट्रिक गेडीस हा स्कॉटलंडचा नगररचनाकार होळकर दरबाराच्या बोलावण्यावरून इथे आला आणि १९१८ साली त्याने शहराच्या विकासाचा अहवाल दोन खंडांत दरबारला सादर केला. प्लेगाचे दिवस होते. इंग्रज अभियंत्यांचा त्या काळचा आवडता उपाय म्हणजे दाट वस्ती पाडून घरांच्या मागे सफाईसाठी सरळ गल्ल्या काढणे. या मागच्या गल्ल्यांवर गेडीसने हिंदुस्थानातल्या आपल्या अहवालांतून सडकून टीका केली. ज्या वाटेकडे घराची पाठ असते ती वाट कोणीच स्वच्छ ठेवीत नाही, हे त्याने अनेक शहरांत पाहिले होते. त्या जागी बाग करावी, विहीर राखावी, झाड लावावे, असा त्याचा आग्रह असे.

त्याने इंदुरात एक मिरवणूकही काढली, दिवाळीच्या सुमारास. मिरवणूक कोणत्या रस्त्याने जाणार हे आधी ठरवायचे नाही; ज्या मोहल्ल्याने आपली घरे आणि रस्ते सर्वांत चांगले झाडून-सारवून ठेवले असतील तिथून ती जाणार, असे जाहीर केले. साहजिकच सारे शहर केरसुण्या घेऊन कामाला लागले. मिरवणुकीत हत्ती होते, घोडे होते, प्लेगाच्या उंदराचा भला मोठा पुतळा होता. आणि त्याच मिरवणुकीत शहराचे सफाई कामगार होते: नवे पांढरे कपडे, डोक्याला साफे, गळ्यात हार, रंगवलेल्या गाड्या. रोज जे परसदाराने येत, ते त्या दिवशी भर रस्त्याने, सगळ्यांच्या पुढच्या दारांसमोरून गेले. एका दिवसाने काही पालटले नाही, हे खरेच. दुसऱ्या दिवशी टोपल्या होत्या तिथेच होत्या. तरी दार आणि प्रतिष्ठा यांचा संबंध त्या स्कॉटिश गृहस्थाला जितका नेमका कळला तितका तो आमच्या वाड्यांतल्या सुशिक्षितांना कळला होता, असे दिसत नाही.

अलीकडे हाच प्रश्न विलायतेत आणि अमेरिकेत मोठ्या गाजावाजाने पुढे आला. न्यूयॉर्कमध्ये मॅनहटनच्या पश्चिम किनाऱ्यावर एक उत्तुंग इमारत बांधली गेली. तिच्यात २१९ सदनिका धनिकांना विकण्यासाठी आणि ५५ सदनिका माफक भाड्याच्या. माफक भाड्याची घरे दिल्याबद्दल बांधणाऱ्याला सवलती मिळाल्या. परंतु त्या ५५ घरांतल्या रहिवाशांसाठी प्रवेशद्वार वेगळे ठेवण्यात आले. २०१४ साली ही गोष्ट वर्तमानपत्रांतून बाहेर आली, ‘गरिबांचे दार’ असा शब्दच तिथे रूढ झाला, आणि पुढच्याच वर्षी करसवलतीच्या कायद्यात दुरुस्ती होऊन असली दारे बंद करण्यात आली. याच प्रकरणातला एक आकडा मात्र फारसा कोणी लक्षात ठेवीत नाही. त्या ५५ घरांसाठी ८८,००० हून अधिक अर्ज आले होते. वेगळ्या दाराची बातमी साऱ्या शहराने वाचली होती, तरीही इतके अर्ज आले. ज्याला डोक्यावर छप्पर हवे असते तो दार कुठे आहे हे विचारायच्या स्थितीत नसतो. म्हणूनच ते त्याच्या वतीने कायद्याने विचारावे लागते.

लंडनमध्ये ऑल्डगेट भागातल्या एका इमारतीसमोर २०१४ साली दर आठवड्याला निदर्शने होत. तिथेही धनिकांना रस्त्यावरचा चकचकीत दिवाणखाना आणि कमी भाडे देणाऱ्यांना बाजूच्या गल्लीतले दार. २०१९ मध्ये तर त्याच शहरातल्या लॅम्बेथ भागात मुलांच्या खेळायच्या जागेवरून प्रकरण उद्भवले. एकाच वसाहतीत काही मुलांना पटांगण मोकळे आणि काहींना कुंपणापलीकडून पाहत राहायचे. वर्तमानपत्रात छापून आल्यावर ते कुंपण उघडले. थोड्याच महिन्यांत इंग्लंडच्या सरकारने अशा दारांना आणि अशा पटांगणांना आळा घालण्याचे जाहीर केले.

यावर बांधणाऱ्यांचे आणि गृहसंस्थांचे म्हणणे होते, ते टाळून पुढे जाणे बरे नव्हे. पुढच्या दाराला खर्च असतो. संगमरवरी दिवाणखाना, चोवीस तास बसणारा द्वारपाल, जलद उद्वाहक, व्यायामशाळा, फुलझाडे यांचा मासिक आकार कमी मिळकतीच्या कुटुंबाला झेपणारा नसतो. वेगळे दार, वेगळा जिना ठेवला की त्याचा आकार कमी ठेवता येतो. हे म्हणणे खोटे नाही. मुंबईत त्याचा अनुभव मोठ्या प्रमाणावर आला आहे.

मुंबईच्या झोपडपट्टी पुनर्वसन योजनेचे गणित १९९५ पासून चालू आहे. झोपडीवासीयांना त्याच जमिनीवर फुकट घर द्यायचे आणि उरलेल्या जागेवर बाजारभावाने विकायची इमारत बांधून बांधकाम व्यावसायिकाने खर्च आणि नफा काढायचा. फुकट घर आरंभी २२५ चौरस फुटांचे असे, पुढे ते ३०० पर्यंत वाढले. कागदावर पाहिले तर हा जगातला फार मोठा संमिश्र वसाहतीचा प्रयोग ठरतो. गरीब आणि श्रीमंत एकाच भूखंडावर. प्रत्यक्षात पुनर्वसनाची इमारत एका कडेला, विक्रीची दुसऱ्या कडेला, मध्ये भिंत, आणि फाटके दोन निराळ्या रस्त्यांवर. ताडदेवच्या गिरणीच्या आवारातल्या झोपडपट्टीच्या जमिनीवर साठ-साठ मजल्यांचे जे जुळे मनोरे उभे आहेत, त्यांच्याकडे दादरहून येणाऱ्या पुलावरून पाहणाऱ्याला पायथ्याशी पुनर्वसनाच्या इमारतीही आहेत हे सांगितल्याशिवाय कळत नाही. इथे वेगळे दार म्हणणेसुद्धा कमीच आहे. इथे पत्ताच वेगळा.

आणि तरीही देखभालीचा प्रश्न सुटला नाही. चाळीतला माणूस किंवा झोपडीतला माणूस मनोऱ्यात गेला की उद्वाहकाचे वीजबिल आणि पाण्याच्या पंपाची दुरुस्ती त्याच्या मागे लागते. पुनर्वसनाच्या प्रत्येक घरामागे २०,००० रुपये ठेव म्हणून बाजूला ठेवायचे, तिच्या व्याजावर देखभाल चालवायची, अशी आरंभीची तरतूद होती. उंच इमारतीला ते व्याज पुरत नाही. वरळीच्या बी.डी.डी. चाळींत शंभर वर्षे १६० चौरस फुटांच्या खोलीत राहिलेल्या कुटुंबांना २०२५ च्या ऑगस्टमध्ये ५०० चौरस फुटांच्या नव्या घरांच्या पहिल्या किल्ल्या मिळाल्या. त्या आनंदात मासिक आकाराची काळजी कोणत्या गृहिणीच्या मनात डोकावली नसेल?

म्हणजे वेगळे दार ठेवूनही खर्च परवडत नाही. मग दार वेगळे कशासाठी? खर्च वाटून घेण्याचे मार्ग कायद्याला ठाऊक नाहीत असे नाही. महाराष्ट्रातल्या सहकारी गृहसंस्थांत पहारेकरी, उद्वाहक, जिन्यातले दिवे यांचा आकार लहान-मोठ्या सर्व घरांवर सारखा बसतो. परंतु १९७० च्या सदनिका मालकी कायद्याखाली बांधलेल्या इमारतीत तो प्रत्येकाच्या हिश्शाच्या प्रमाणात बसतो. मोठ्या घराला जास्त, लहान घराला कमी. आपल्याकडे २००० साली झालेला मध्य प्रदेश प्रकोष्ठ स्वामित्व अधिनियमही याच वळणाचा आहे. समजा, एका इमारतीत पंधराशे फुटांची घरे आहेत आणि तीनशे फुटांचीही आहेत. सारखा आकार लावला तर लहान घरवाला वर्षभरात थकबाकीदार होणार आणि सभेत मान खाली घालून बसणार. क्षेत्रफळावर लावला तर त्याचे बिल मोठ्या घराच्या पाचव्या हिश्शाचे. व्यायामशाळा, पोहण्याचा तलाव हे ज्याला हवे त्याने वेगळी वर्गणी देऊन वापरावे. हे एकदा ठरले की दार एक ठेवायला अडचण कसली? ज्यांना एकत्र राहायचे नसते तेच बहुधा हिशेबाची अडचण पुढे करतात, असे म्हणण्याचा मोह होतो. सर्वांच्या बाबतीत ते न्याय्य होणार नाही; काही संस्था खरोखरच लहान घरवाल्याच्या खिशाचा विचार करून वेगळा जिना ठेवतात. अशा संस्थांनी त्या जिन्याबरोबर पुढच्या दाराची किल्लीही द्यावी, एवढेच मागणे आहे.

महाराष्ट्र सरकारने २०१३ साली ४,००० चौरस मीटर आणि त्याहून मोठ्या भूखंडांवर वीस टक्के बांधकाम दुर्बल आणि अल्प उत्पन्न गटांच्या घरांसाठी ठेवण्याचा नियम केला. आपल्या मध्य प्रदेशातही नव्या वसाहतीत दुर्बल घटकांसाठी वाटा ठेवायचा दंडक आहे. पण त्याला एक पळवाट जोडलेली आहे, तिचे नाव ‘आश्रय शुल्क’. वसाहत वसवणाऱ्याने हे शुल्क भरले की गरिबांची घरे आपल्या आवारात बांधण्यापासून त्याची सुटका होते. पैसा निधीत जातो आणि घरे जिथे जमीन स्वस्त असेल तिथे, शहराच्या कडेला होतात. शुल्काचे नाव फार सुंदर आहे. भंवरकुआंपासून राऊपर्यंत आणि बायपासच्या दोन्ही अंगांना ज्या कुंपणबंद वसाहती झाल्या आहेत, त्यांच्या कमानीपाशी गरिबांचे दार कुठे दिसत नाही म्हणून कोणी समाधान मानू नये. न्यूयॉर्कमध्ये निदान ते दार होते. त्याच्यावरून भांडायला माणसे जमली. इथे घरच त्या आवारात आले नाही. त्या वसाहतीत भांडी घासणारी, मोटारी धुणारी, बाळे सांभाळणारी माणसे सकाळी कमानीत वही भरून, तपासणी करून घेऊन आत जातात आणि अनेक इमारतींत त्यांच्यासाठी सामानाचा उद्वाहक नेमून दिलेला असतो. परसदार गेले म्हणता म्हणता ते पुन्हा आले, आणि आता ते वीजेवर चालते.

याहून वेगळे काही करून दाखवल्याचे उदाहरण मात्र आपल्याच शहरात आहे. आग्रा-मुंबई रस्त्यावर, पण भंवरकुआंच्या नेमके उलट टोकाला, विजयनगरच्या बाजूस अरण्य नगर आहे. इंदूर विकास प्राधिकरणाच्या सांगण्यावरून अहमदाबादचे वास्तुशिल्पी बाळकृष्ण दोशी यांनी त्याची आखणी केली. सहा विभाग, सुमारे ६,५०० भूखंड, आणि त्यांतले बहुसंख्य दुर्बल घटकांसाठी. सर्वांत लहान भूखंड सुमारे ३५ चौरस मीटरचा. हमरस्त्याकडचे मोठे भूखंड आणि दुकानांच्या जागा चढ्या भावाने विकायच्या आणि त्या पैशांतून लहान भूखंडांचा भार हलका करायचा, अशी जमाखर्चाची रीत. लहान भूखंडावर जोते, पाण्याची आणि संडासाची सोय आणि फार तर एक खोली, एवढेच करून द्यायचे. पुढचे घर ज्याने त्याने आपल्या ऐपतीप्रमाणे वाढवावे. कसे वाढवता येईल ते दाखवण्यासाठी दोशींनी ऐंशी घरे नमुन्यादाखल बांधली. १९९५ साली या वसाहतीला आगाखान वास्तुकला पुरस्कार मिळाला. २०१८ मध्ये दोशींना प्रिट्झकर पुरस्कार मिळाला तेव्हाही अरण्याचे नाव पुन्हा घेतले गेले. २०२३ च्या जानेवारीत दोशी वारले.

ही योजना निर्दोष नाही. श्रीमंतांचे भूखंड हमरस्त्याला आणि गरिबांचे आतल्या अंगाला, ही मांडणी पाहून कोणी म्हणेल की पुढचे-मागचे झालेच. पुष्कळांनी आपली जागा पुढे विकूनही टाकली. परंतु या वसाहतीत मोठ्या घराच्या आणि लहान घराच्या मध्ये भिंत उभी केलेली नाही. गल्ल्या एकमेकींत उघडतात, बाग आणि शाळा यांच्याकडे जाणाऱ्या वाटा सर्वांच्या आहेत, आणि तीनशे-साडेतीनशे फुटांच्या घरालाही रस्त्यावर स्वतःचे दार आहे.

त्या दाराशी ओटला आहे. आपल्याकडे ओटल्याचे महत्त्व सांगायला नको. भाजी निवडणे, अभ्यास, म्हाताऱ्यांचे बसणे, भावकीची भांडणे, सारे तिथेच. आणि ओटल्याच्या शेजारून वर जाणारा एक उघडा जिना आहे. नमुन्याच्या घरांत दोशींनी तो मुद्दाम बाहेरच्या अंगाला काढला. घर वर वाढवायचे झाले तर आतली खोली मोडावी लागू नये, आणि वरची खोली भाड्याने देऊन दोन पैसे मिळवता यावेत, अशी सोय त्यात आपोआप झाली. जिना रस्त्यावरूनच सुरू होतो, ओटल्याला लागून. वर जाणारा माणूस ओटल्यावर बसलेल्यांच्या समोरून जातो. त्याला मालक हाक मारतो, डबा आला का म्हणून विचारतो, मुले त्याच्या पायऱ्यांवर बसून गृहपाठ करतात. खालचा मालक आणि वरचा भाडेकरू यांच्या मिळकतीत फारसा फरक नसतो, हे एक कारण. दुसरे कारण त्या जिन्याच्या जागेत आहे. भंवरकुआंच्या वसाहतींत वाढीव मजल्याचे नकाशे अजून रोज काढले जात आहेत, आणि त्यांतला बहुतेक प्रत्येक नकाशा जिना मागच्या किंवा बाजूच्या बोळात टाकतो. तो पुढे, व्हरांड्याच्या शेजारी घेतला तर बागेतला दोन-अडीच हात तुकडा जाईल.